नागपुरात एअर रायफल घेताय? लहान शिकारीबद्दल आणि रायफलीच्या निवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी नागपुरात एअर रायफलचा सराव करतोय आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी पोरांना शिकवतोय. रायफल घ्यायच्या आधी लोक फोन करतात, रेंजवर येऊन भेटतात. काही काटोल-नरखेडकडचे कास्तकार असतात, काही दहावीतल्या मुलाचे आईवडील, आणि काहींनी रात्रभर मोबाइलवर शिकारीचे व्हिडिओ पाहिलेले असतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ससा, तित्तर, लावा अशा लहान शिकारीसाठी कोणती एअर रायफल चांगली?

कोणतीच नाही. हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांची शिकार करायला मनाई आहे. ससा, तित्तर, लावा हे सगळे त्या अनुसूचींत येतात. 'वाघ-बिबट्याला हात लावला तरच गुन्हा, सशाचं कोण विचारतं' हा समज अजून गावोगाव ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, उदाहरणार्थ मोर, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. रायफल जप्त होते, ज्या गाडीवरून गेलात तीही जप्त होते. शिकारीचा नुसता प्रयत्नसुद्धा कायद्याच्या व्याख्येत 'शिकार'च आहे. नेम चुकला म्हणून सुटका होत नाही.

आपण कुठे राहतो तेही लक्षात घ्या. पेंच आपल्याच जिल्ह्यात, उमरेड-कऱ्हांडला तासाभरावर, बोर आणि ताडोबा शेजारच्या जिल्ह्यांत. गोरेवाड्याचं जंगल तर शहराला चिकटून आहे. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर पाठीला रायफल अडकवून दोन जण मोटरसायकलवर दिसले, तर वनरक्षक थांबवणारच, आणि त्याने थांबवायलाच हवं.

कायदा बाजूला ठेवला तरी मला एक सांगायचंय. मी बारा वर्षांचा असताना काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत आजोबांच्या एअरगनने एका होल्यावर नेम धरला. छर्रा लागला, पण होला मेला नाही. खाली पडून एका पंखाने जमिनीवर गोल गोल फिरत राहिला. हातात घेतला तेव्हा इतका गरम होता की मी दचकलो. डोळ्याची खालची पापणी हळूच वर यायची आणि परत खाली जायची. किती वेळ, ते मला आठवत नाही. आजोबा माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली आणि घरी जाऊन माळ्यावर टाकली. छर्ऱ्याने होणारी 'लहान शिकार' बहुतेक वेळा अशीच असते, आणि ते व्हिडिओत कोणी दाखवत नाही.

मग व्हिडिओतले लोक एअर रायफलने ससे मारतात ते कसं?

ते बहुतेक ब्रिटनमधले किंवा अमेरिकेतले असतात. तिथला कायदा वेगळा, तिथला सशांचा प्रश्नही वेगळा. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६ ज्यूल ताकदीच्या रायफलीला परवाना लागत नाही, आणि जमीनमालकाच्या संमतीने शेतातले ससे मारता येतात. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरपासून एअर रायफल ठेवायलाही प्रमाणपत्र लागतं.

तिथले जबाबदार शिकारी स्वतःवर काय बंधनं घालतात, तेही पाहण्यासारखं आहे. नेम फक्त डोक्यावर, अंतर तीस-पस्तीस मीटरच्या आत, आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात दहाच्या दहा छर्रे बसत नसतील तर प्राण्यावर रायफल रोखायचीच नाही. तेवढा नेम यायला कागदावर हजारो छर्रे खर्ची पडतात. आपल्याकडे लोक व्हिडिओ पाहून थेट रायफल मागवतात आणि पहिल्याच रविवारी रानात जातात. तिथली निवड, म्हणजे .२२ बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचात), जड छर्रा, सायलेन्सर, हे सगळं त्या कामासाठी केलेलं आहे. ते पाहून इथे रायफल घेऊ नका.

शिकार नाही करायची हो, पण वावरात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतात. त्यांना पळवायला चालेल का?

हा त्रास मी लहानपणापासून पाहतोय. रात्रभर जागल करायची, पहाटे जरा डोळा लागला की तेवढ्यात तुरीचा धुराच्या धुरा साफ. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी परतवून लावत नाही. पण एअर रायफल हे त्यावरचं उत्तर नाही.

आकड्यांत सांगतो. परवाना न लागणाऱ्या एअर रायफलची ताकद जास्तीत जास्त २० ज्यूल. साध्या .२२ काडतुसाची, जे बंदुकीच्या सगळ्यात हलक्या काडतुसांपैकी एक, ताकद १४० ज्यूलच्या आसपास असते. रानडुकराच्या जाड कातडीवर २० ज्यूलचा छर्रा म्हणजे एक तर काहीच नाही, नाही तर आत रुतून पिकणारी जखम. जखमी डुक्कर पळून जाण्याऐवजी अंगावर येऊ शकतं. रोह्याच्या डोळ्याला लागला तर तो जन्माचा आंधळा होतो. आणि कायद्याने दोघेही संरक्षित आहेत, जखमी करणं हीसुद्धा शिकारच.

रीतसर मार्ग आहेत. नुकसान झालं की वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज करा, पंचनामा होऊन भरपाई मिळते. उभ्या पिकाला उपद्रव फारच असेल तर कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत परवानगीची तरतूद आहे, पण ती परवानगी अधिकारी देतात आणि ते काम परवानाधारक बंदुकीचं असतं. व्याघ्र प्रकल्पांच्या आसपासच्या गावांना सौर कुंपणासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. फक्त लाइनवरून थेट करंट सोडू नका. त्या तारेने विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसंही.

गच्चीवरची वानरं, कबुतरं, गल्लीतली कुत्री?

नाही. वानर वन्यजीव कायद्यात येतं. कुत्र्या-मांजरांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, शिवाय प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. छर्रा लागलेला पक्षी किंवा प्राणी कुठे दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला. संक्रांतीला नायलॉन मांजाने कापलेले पक्षीही तिथेच नेतात.

एअर रायफलला परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे दोन गोष्टी पाहायच्या. बोअर ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७, यापेक्षा मोठं नको. आणि नळीच्या तोंडाशी ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त नको. दोन्हीत बसणारी रायफल परवान्याशिवाय घेता येते. यातली एक जरी अट ओलांडली तरी परवाना हवा. म्हणजे .२२ बोअरची, साडेपाच मिलिमीटरची एअर रायफल कितीही कमजोर असली तरी तिला परवाना लागतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. परवान्याचा अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

दुकानदार ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागेल, नोंद करेल. मागितलाच नाही तर तिथून घेऊ नका. पावती सांभाळून ठेवा आणि रायफल ने-आण करताना तिची एक प्रत पिशवीत असू द्या. रायफल नेहमी बंद केसमध्ये, छर्रे वेगळे. बर्डीवरून उघडी रायफल खांद्यावर टाकून चालत गेलात तर समोरच्याला ती एअर रायफल आहे की खरी बंदूक हे कळत नाही.

रायफल २० ज्यूलच्या आत आहे हे कसं ओळखायचं?

खोक्यावर छापलेला वेग पाहून ठरवू नका. ज्यूल म्हणजे छर्ऱ्याचं किलोग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा (सेकंदाला मीटर) वर्ग, त्याचं निम्मं. स्पर्धेचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २७५ मीटर वेगाने सुटला की बरोबर २० ज्यूल होतात. खोक्यावर 'हजार फूट वेग' लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर, पण तो आकडा बहुतेक वेळा अगदी हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, तुमच्याच छर्ऱ्याने मोजून घ्या. चांगल्या क्लबमध्ये ते असतं.

आणि जास्त वेगाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. आवाजाच्या वेगाजवळ पोचलेला छर्रा डगमगतो आणि नेम बिघडतो. ऑलिम्पिकची दहा मीटरची रायफल छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने सोडते, म्हणजे जेमतेम आठ ज्यूल. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते असल्या रायफलीवर.

स्प्रिंग, गॅस की पीसीपी?

पैसे इथेच जास्त फुकट जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

स्प्रिंगची रायफल, नळी मोडून भरायची. दहा-पंधरा हजारांत देशी बनावटीची बरी मिळते. पंप नाही, सिलिंडर नाही, रायफल आणि छर्ऱ्यांची डबी एवढ्यावर काम भागतं. पण मारायला हीच सगळ्यात अवघड. घोडा दाबला की आतला पिस्टन पुढे धावतो, रायफल मागे ढकलली जाते, पिस्टन थांबला की पुन्हा पुढे झटका बसतो, आणि या सगळ्या वेळात छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून तिला आवळून धरायचं नाही. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर नुसती विसावू द्यायची. आवळली की प्रत्येक छर्रा वेगळीकडे जातो. नवशिके रायफलीला दोष देतात, दोष पकडीत असतो. तिला रिकामी चालवू नका, ताणून ठेवू नका आणि आत साधं तेल सोडू नका. तेल पेटून स्फोटासारखा आवाज होतो आणि सील जळतं.

गॅस रॅममध्ये स्प्रिंगच्या जागी गॅसचं बंद नळकांडं असतं. झटका थोडा सौम्य, आवाज थोडा कमी, पण बिघडलं तर दुरुस्ती नाही, ते नळकांडंच बदलावं लागतं.

पीसीपीत आधी दाबाने हवा भरतात, साधारण २०० बारपर्यंत. झटका जवळजवळ नाहीच, त्यामुळे नवीन माणसाचाही नेम पहिल्या दिवसापासून दिसायला लागतो. पण रायफलबरोबर हातपंप किंवा मोठा सिलिंडर, फिल्टर, गेज हा सगळा संसार येतो. दुकानात रायफलीचीच किंमत सांगतात. पंप धरून विचारा.

माझं मत असं. घरी अधूनमधून डब्यांवर मारायचं असेल तर स्प्रिंग. रोज तासभर सराव करायचा असेल तर पीसीपी. मध्येच काहीतरी घेऊ नका. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या सिलिंडरच्या रायफली गमतीच्या आहेत, पण थंडीत आणि उन्हात दाब बदलतो म्हणून मी सुचवत नाही.

.१७७ घेऊ की .२२?

.१७७. वर परवान्याचं सांगितलंच आहे. शिवाय छर्रे स्वस्त, सगळीकडे मिळणारे, आणि दहा मीटरच्या सगळ्या स्पर्धा याच बोअरवर होतात.

छर्रे कोणते?

दहा मीटरला सपाट तोंडाचे, कारण ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात. पंचवीस-तीस मीटरच्या पुढे गोल डोक्याचे. टोकदार छर्रे दिसायला जबरदस्त, पण नेमाला कच्चे.

एक सवय लावून घ्या. नवी डबी उघडली की दहा-वीस छर्रे काचेवर ठेवा आणि काच किंचित कलती करा. चांगला छर्रा आपल्या डोक्याभोवती सारखा गोल फिरतो. ज्याची मागची कडा चेपलेली असते तो मध्येच अडखळतो, लंगडतो. असे वेगळे काढा. पोरं आधी कंटाळतात, मग एकदा लंगड्या छर्ऱ्यांनी कागदावर काढलेला भोकांचा गट आणि निवडलेल्यांनी काढलेला गट शेजारी ठेवून दाखवला की स्वतःच काच मागतात.

प्रत्येक नळीला आवडणारा छर्रा वेगळा असतो. ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा मापांचे छर्रे मिळतात. थोडे थोडे आणून पाहा. स्टीलचे गोळे मात्र रायफलीच्या नळीत घालू नका. आतल्या आट्या घासल्या जातात आणि गोळा उलटून अंगावर येतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुवायचे, मगच तर्री-पोह्याला हात लावायचा.

दुर्बीण लावू का?

दहा मीटरसाठी गरज नाही, स्पर्धेत तर चालतही नाही. लांबच्या सरावासाठी लावायचीच असेल तर स्प्रिंगच्या रायफलीवर एअर रायफलसाठी बनवलेलीच घ्या. दोन्हीकडच्या झटक्यांनी साधी दुर्बीण महिन्याभरात खिळखिळी होते.

मुलाला किंवा मुलीला स्पर्धेत उतरवायचंय. कोणती रायफल घेऊ?

आत्ता कोणतीच घेऊ नका. आधी तीन-चार महिने क्लबच्या रायफलीवर शिकू द्या. एका ओळखीच्या कुटुंबाने मुलाच्या वाढदिवसाला कर्ज काढून जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल आणली, दोन लाखांच्या वरची. दुकानात कोणी त्याच्या खांद्याचं माप घेतलं नाही. दस्ता मोठा पडत होता, वजन पेलवत नव्हतं. मुलगा मानेने रायफल शोधायला लागला आणि सहा महिन्यांत पाठ धरली. ते पोर उत्तम नेमबाज झालं असतं. मला अजून हळहळ वाटते.

मॅच रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. लहान मुलाला हलकी आणि दस्त्याची लांबी कमी-जास्त होणारी हवी. डावखुऱ्यासाठी डावखुरीच घ्या. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) असे वेगळे गट असतात. ओपन साइटने सुरुवात केली तर खर्चही कमी आणि पायाही पक्का होतो.

दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. २०१८ पासून मुलं-मुली दोघांनाही साठ शॉट. तेवढा वेळ उभं राहायचं, श्वास सोडायचा, थांबायचं. रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये याच प्रकारात विश्वविजेता झाला, तो ठाण्याचा. स्वप्निल कुसाळे कोल्हापूरचा, त्याने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. आपल्या पोरांत काही कमी नाही.

सेकंड हँड घेऊ का?

जरूर. फक्त पीसीपी असेल तर सर्वात आधी सिलिंडरवरची तारीख पाहा. मॅच रायफलीच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षं असते. ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि २०० बारचा दाब गालाशी घेऊन उभं राहणं धोक्याचं आहे. नवा सिलिंडर महाग पडतो, तेवढी किंमत वजा करून बोला. स्प्रिंगच्या रायफलीत नळीचा सांधा हलवून पाहा. टकटक वाजला तर नको.

घराच्या गच्चीवर सराव चालेल?

गच्चीवर नको. चुकलेला छर्रा काही शे मीटर जातो आणि पलीकडे कोणाचं तरी अंगण असतं. घरात दहा मीटर सरळ जागा असेल, किंवा बंद आवाराला पक्की भिंत असेल, तर चालेल. भिंतीपुढे जाड लाकडी खोकं, त्यात घट्ट दाबलेल्या चिंध्या आणि जुनी मासिकं. लक्ष्याच्या मागून कोणी येऊ शकेल असा दरवाजा नको. डोळ्यांना चष्मा, बघणाऱ्याच्यासुद्धा. रायफल खाली ठेवली की ती उघडी आणि रिकामी, नळीत रंगीत दोरी घातलेली, म्हणजे लांबूनच कळतं.

नागपूरच्या उन्हाचा रायफलीवर परिणाम होतो?

होतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद गाडीच्या आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भरलेली पीसीपी गाडीत कधीही सोडू नका, दाब वाढतो. सराव सकाळी सात-आठपर्यंत उरका. पावसाळ्यात उलट प्रश्न असतो, हवा दमट. पंपाला ओलावा धरणारा फिल्टर नसेल तर ते पाणी सिलिंडरमध्ये जातं. लोखंडाला बोटांचा घाम लागला की दुसऱ्या दिवशी गंजाचे ठसे उमटतात. तेलाचा हलका हात मारलेलं फडकं केसमध्येच ठेवा.

घरात आजोबांची जुनी एअरगन आहे. तिचं काय करू?

आधी बोअर मोजा. साडेपाच मिलिमीटरची निघाली तर तशीच ठेवू नका, पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर काय करायचं ते विचारा. साडेचारची असेल तर जाणकाराकडून उघडून घ्या. बहुतेक वेळा आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झालेला असतो आणि स्प्रिंग थकलेली असते. दोन्ही बदलता येतात. नळी आतून स्वच्छ असली तर रायफल पुन्हा उभी राहते.

आमची माळ्यावरची मी आजोबा गेल्यानंतर खाली काढली. दस्त्यावर त्यांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा तशीच आहे. वॉशर बदलला, स्प्रिंग बदलली, ताकद मोजली तर नऊ ज्यूलही भरली नाही. दहा मीटरच्या कागदाला तेवढी पुरते. नवीन पोरं आली की पहिले दहा छर्रे मी त्यांना तिच्यावर मारायला देतो, आणि तो कागद तारीख घालून त्यांच्याच हातात देतो.